वाचकांचे प्रश्न : हौशी रॉकेट, रॅमजेट आणि परवाने

रॉकेट आणि जेट इंजिनांचे प्रयोग करू पाहणाऱ्या गोव्यातल्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. बहुतेकांची समजूत अशी दिसते की परवानगीचा प्रश्न उड्डाणाच्या दिवशी उभा राहतो. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी आधी, दोन पुड्या एकत्र करताना उभा राहिलेला असतो. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे अभियांत्रिकीचे विद्यार्थी घन इंधनाचं छोटं रॉकेट करणार आहोत. इंधन दोनशे ग्रॅमच्या आत, उंची फार तर तीनशे मीटर. अमेरिकेत एवढ्या लहान रॉकेटला परवानगी लागत नाही असं वाचलं. इथे अर्ज कोणाकडे करायचा? (फर्मागुढी)

उत्तर : आधी अमेरिकेचं पाहू. तिथल्या विमानवाहतूक नियमांत मॉडेल रॉकेटला सवलत आहे, पण तिची मर्यादा इंधन १२५ ग्रॅम आणि इंधनासह एकूण वजन १५०० ग्रॅम अशी आहे. शिवाय रॉकेट कागद, लाकूड किंवा सहज तुटणाऱ्या प्लास्टिकचं असावं लागतं. तुमचं दोनशे ग्रॅमचं रॉकेट त्या सवलतीतही बसलं नसतं. आणि तिथला हौशी माणूस सहसा कारखान्यात बनलेली, तपासलेली मोटर विकत आणतो.

आपल्याकडे एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्ट, १८८४ लागू होतो. त्यातल्या स्फोटकाच्या व्याख्येत स्फोटाने किंवा आतषबाजीच्या स्वरूपाचा परिणाम साधण्यासाठी वापरलेला कोणताही पदार्थ किंवा मिश्रण येतं, आणि पुढे दिलेल्या वस्तूंच्या यादीत ‘रॉकेट’ हा शब्दच आहे. या कायद्याखालच्या एक्स्प्लोझिव्ह्ज रूल्स, २००८ मध्ये मॉडेल रॉकेट असा वेगळा, सवलतीचा वर्ग नाही. त्यामुळे दोनशे ग्रॅम आणि वीस ग्रॅम यांत तत्त्वतः फरक पडत नाही. खताच्या दुकानातलं नायट्रेट आणि वाण्याकडची साखर वेगवेगळ्या डब्यांत असेपर्यंत एक खत असतं आणि दुसरा किराणा. रॉकेट ढकलण्यासाठी ती एकत्र केली की ते नायट्रेट मिश्रण होतं, म्हणजे नियमांतल्या स्फोटकांचा दुसरा वर्ग, आणि तुम्ही स्फोटकाचे उत्पादक ठरता. क्लोरेटच्या वाटेला तर जाऊच नका. गंधक आणि क्लोरेट यांचं मिश्रण बनवणं किंवा जवळ ठेवणं १९९२ च्या अधिसूचनेने पूर्ण बंद आहे. ते घासण्यानेही पेटतं, बंदीचं कारण हेच.

परवाना देणारी यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, सगळे जिला ‘पेसो’ म्हणतात. मुख्यालय नागपूरला. उत्पादनाचा परवाना ठरावीक जागेसाठी मिळतो. त्यासाठी जागेचा आणि बांधकामाचा नकाशा, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र, आणि घरं, रस्ते, वीजवाहिन्या यांच्यापासून नियमांत दिलेलं सुरक्षित अंतर लागतं. हे अंतर स्फोटकाच्या धोक्याच्या गटावर (एक्स, वाय, झेड आणि झेडझेड) आणि साठ्याच्या वजनावर ठरतं. ही सगळी रचना कारखान्यासाठी आहे. वसतिगृहाच्या खोलीला किंवा घरामागच्या पडवीला असा परवाना मिळण्याची वाटच नाही. अठरा वर्षांखालच्या कोणालाही स्फोटक बनवण्याची, बाळगण्याची वा नेण्याची मनाई आहे, तेव्हा गटात कोणी धाकटा असेल तर त्याला यापासून दूर ठेवा.

परवान्याशिवाय बनवलं तर याच कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून जड आहे तो एक्स्प्लोझिव्ह सबस्टन्सेस ॲक्ट, १९०८. त्यात स्फोटकासाठी लागणारं साहित्य आणि उपकरणंसुद्धा ‘स्फोटक पदार्थ’ धरली जातात. संशयास्पद परिस्थितीत ती जवळ सापडली तर आपला हेतू कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. वहीत काढलेली मोटरची आकृती, वजनकाटा, नायट्रेटची पिशवी हे सगळं पोलिसांना एकाच टेबलावर मिळालं तर ‘प्रोजेक्ट आहे’ एवढं सांगून भागत नाही.

मग चौघांनी करायचं काय? मोटर सोडून सगळं. नळी, पंख, नाकाडा (रॉकेटचं पुढचं टोक), गुरुत्वमध्य आणि दाबमध्य (जिथे हवेचा सगळा जोर एकवटतो तो बिंदू) यांतलं अंतर (ते निदान नळीच्या एका व्यासाइतकं हवं, गुरुत्वमध्य पुढे), पॅराशूट उघडणारी यंत्रणा, उंचीमापक. सगळे भाग जमिनीवर तपासता येतात. पॅराशूटचं दार बारुदीऐवजी स्प्रिंग किंवा सर्वो मोटरने उघडा, म्हणजे तो भागही कायद्याबाहेर राहील. मोटरचा प्रश्न महाविद्यालयाने संस्था म्हणून पेसोचा परवाना असलेल्या उत्पादकाशी करार करून सोडवायचा असतो. त्यात वापराची परवानगी, वाहतूक आणि साठवण यांची कागदपत्रं त्या उत्पादकाच्या बरोबरीने करावी लागतात. आमच्या मते विद्यार्थ्यांसाठी सरळ रस्ता अधिकृत स्पर्धेचा आहे. ‘इन-स्पेस’ या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेच्या सहभागाने होणारी कॅनसॅट (डब्याएवढा नकली उपग्रह) आणि मॉडेल रॉकेट स्पर्धा २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. अशा ठिकाणी मैदान आणि हवाई हद्दीची परवानगी आयोजक पाहतात, तुम्ही यंत्र घेऊन जाता.

प्रश्न : आमच्या भागात जत्रेचं दारूकाम करणारे परवानाधारक आहेत. त्यांच्याकडून माझ्या मापाची मोटर बनवून घेतली तर चालेल का? (डिचोली)

उत्तर : चालणार नाही, आणि तसा आग्रह धरून तुम्ही त्या माणसाचा परवाना धोक्यात घालाल. फटाक्यांचा परवाना ठरलेल्या प्रकारांपुरता आणि ठरलेल्या वजनापुरता असतो. अधिकृत यादीत नसलेलं स्फोटक बनवता, विकता किंवा वापरता येत नाही. धातूच्या नळीत दाबून भरलेली, नॉझल बसवलेली मोटर हा फटाका नव्हे. बाजारातल्या फटाक्यांतली दारू काढून नळीत भरणं तर त्याहून वाईट. ती दारू सावकाश, थराथराने जळेल अशी बनवलेली नसते. तिच्यात भेगा असतात, आग भेगांत शिरते, जळणारा पृष्ठभाग क्षणात कित्येक पट वाढतो आणि नळी फुटते. हौशी मोटर फुटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न : माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रॉकेट जमत नसेल तर रॅमजेट करून पाहायचं आहे. त्यालाही स्फोटकांचा परवाना लागेल का? (बेतोडा, फोंडा)

उत्तर : तुमचा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गोव्यातल्या हौशी माणसाला कायद्याच्या चौकटीत राहून जे खरोखर करता येईल ते इथे आहे.

रॉकेट आपला ऑक्सिजन इंधनासोबत बाळगतं, म्हणून त्याचं इंधन स्फोटक मिश्रणात मोडतं. रॅमजेट ऑक्सिजन हवेतून घेतं. त्याच्या टाकीत असतं ते नुसतं केरोसीन किंवा डिझेल. बाकावर बसवलेल्या, एकसंध ज्योतीने जळणाऱ्या द्रवइंधनाच्या रॅमजेटमध्ये स्फोटक मिश्रण तयार करून ठेवण्याचा टप्पाच येत नाही. तिथे पेट्रोलियम ॲक्ट, १९३४ पाहायचा. ज्याचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) २३ अंश सेल्सिअसच्या खाली, जसं पेट्रोल, तो ‘अ’ वर्ग. विक्रीसाठी नसेल तर तो ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो, धातूच्या २५ लिटरपर्यंतच्या किंवा काचेच्या एक लिटरपर्यंतच्या भांड्यात. केरोसीन आणि डिझेल ‘ब’ वर्गात येतात. त्यांची मर्यादा एका जागी २५०० लिटर, आणि एकही भांडं हजार लिटरहून मोठं नको. तुम्हाला लागणार आहे दोन-चार लिटर. मात्र रेशनचं निळं केरोसीन वापरू नका. ते स्वयंपाक आणि उजेडाखेरीज इतर कामाला वापरणं १९९३ च्या आदेशाने बंद आहे. खुल्या बाजारातलं पांढरं घ्या, किंवा डिझेल. पेटवण्याच्या ज्योतीसाठी गॅस हवा असेल तर घरचा १४.२ किलोचा सिलिंडर वर्कशॉपात आणू नका, तोही गुन्हा आहे. व्यावसायिक सिलिंडर किंवा पाच किलोचा खुल्या विक्रीचा घ्या.

आता यंत्राकडे. रॅमजेटमध्ये फिरणारा कॉम्प्रेसर नसतो. समोरून येणाऱ्या हवेच्या वेगानेच हवा दाबली जाते. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या गाडीवर बांधलं तर दाब जेमतेम अर्धा टक्का वाढतो. ध्वनीच्या ०.३ पट वेगाला सहा टक्के, आणि दुप्पट वेगाला जवळपास ७.८ पट. म्हणून गाडीच्या टपावर बांधून काही सिद्ध होत नाही, आणि रस्त्यावर उघडी ज्योत नेणं हा वेगळाच गुन्हा होईल. तुम्ही करायची ती थेट-जोडणी चाचणी: हवा टाकीतून पाइपने ज्वलनकक्षात सोडायची आणि ज्योत, तापमान, दाब मोजायचे. यात तोंडाकडचा हवेचा धक्का नसतो, म्हणून निव्वळ रेटा मोजता येत नाही. ज्वलन टिकतं का, किती पूर्ण होतं, नळी किती तापते हे मात्र नेमकं कळतं.

आकडे घेऊन पाहू. सेकंदाला १०० ग्रॅम हवा धरा. साधा वर्कशॉप कॉम्प्रेसर मिनिटाला २८० लिटर देतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेपाच ग्रॅम. थेट पुरणार नाही. पाचशे लिटरची टाकी आठ बारला भरून तीन बारपर्यंत रिकामी केली तर सुमारे २५०० लिटर मोकळी हवा, म्हणजे तीन किलो मिळते. तीस सेकंदांची सोय झाली, आणि पुन्हा भरायला नऊ मिनिटं. केरोसीनच्या पूर्ण ज्वलनाला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. तुम्ही त्याच्या साठ टक्के इंधन द्या: सेकंदाला चार ग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटर. दहा सेकंदांच्या चाचणीला पन्नास मिलिलिटर. कक्ष १०० मिलिमीटर व्यासाचा घेतला तर थंड हवेचा वेग सेकंदाला साडेदहा मीटर पडतो. एवढ्या वेगात उघडी ज्योत उडून जाते. म्हणून इंग्रजी व्हीच्या आकाराचा पत्रा, टोक प्रवाहाकडे करून, आडवा बसवायचा. त्याने नळीचा तीस ते चाळीस टक्के भाग अडवला की मागे भोवरा तयार होतो आणि ज्योत त्यात धरून राहते.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली: टाकीचा दाब उतरतो तशी हवा कमी होते, इंधन मात्र तेवढंच राहतं. मिश्रण दाट होतं आणि नळी लाल पडते. टाकीनंतर रेग्युलेटर लावून पुढचा दाब दोन बारवर स्थिर ठेवा आणि त्याच्यापुढे १४ मिलिमीटरच्या आसपास भोक असलेली चकती बसवा. भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि पुढे कक्षातला दाब थोडाफार हलला तरी प्रवाह बदलत नाही. दुसरी: ज्योत विझते पण इंधन चालूच राहतं, तळाशी साचतं आणि पुढच्या ठिणगीला मोठा भडका होतो. इंधनाच्या वाटेवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा, आणि ज्योत दिसेनाशी झाल्यावर सेकंदाच्या आत तो बंद करणारा सेन्सर हवा. सुरू करताना क्रम असा: आधी हवा, मग ठिणगी, शेवटी इंधन. बंद करताना इंधन, ठिणगी, आणि शेवटी दहा सेकंद नुसती हवा. तिसरी आपल्या हवामानाची: इथल्या दमट हवेचं पाणी टाकीत साचतं आणि तळ आतून गंजतो. रोज पाणी सोडा, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा, आणि जुनी टाकी घेतली असेल तर पाण्याच्या दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय भरू नका. चाचणीत एका क्षणात सुटू शकणारी सर्वांत मोठी साठवलेली ऊर्जा ज्योतीत नसून त्या टाकीत असते.

दोन मिलिमीटर जाड ३०४ स्टेनलेसची नळी दहा सेकंद तग धरते. वायूचं तापमान तेराशे अंशांवर जातं, त्यामुळे ‘अजून थोडं चालू दे’ हा मोह टाळा. माणसं भिंतीआड, नियंत्रण दुरून, हाताशी फोम आणि कार्बन डायऑक्साइडची अग्निशामकं. अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालयाला लेखी कळवा. ते येऊन जागा पाहतील ते फायद्याचंच. आवाजाचं विसरू नका: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार दिवसा निवासी भागात ५५ डेसिबल आणि औद्योगिक भागात ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. औद्योगिक वसाहतीतलं वर्कशॉप म्हणूनच बरं. जागा औद्योगिक विकास महामंडळाची असेल तर भाडेकरारात या कामाला मुभा आहे का पाहा, आणि विमा कंपनीला आधी सांगा. न सांगितलेल्या धोक्याचा दावा फेटाळला जातो.

हे इंजिन उडवायचं म्हटलं की त्याला आधी वेग देणारं रॉकेट लागतं, आणि आपण पुन्हा पहिल्या उत्तरापाशी येतो.

प्रश्न : मेणाचं घन इंधन आणि त्याला ऑक्सिजन पुरवायला वेगळ्या टाकीत नायट्रस ऑक्साइड असं हायब्रिड रॉकेट केलं तर दोन्ही वेगळेच राहतात. मग अडचण काय? (कुडचडे)

उत्तर : मिश्रणाची अडचण कमी होते हे खरं. टाकीची सुरू होते. गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६ मध्ये ५०० मिलिलिटरहून मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं, दाबाखालचा वायू साठवायचं आणि वाहून न्यायचं धातूचं बंद पात्र सिलिंडर धरलं जातं. त्याची रचना पेसोने मंजूर केलेली असावी लागते. तुम्ही लेथवर केलेली ॲल्युमिनियमची दोन लिटरची टाकी त्यात बसत नाही आणि कोणताही परवानाधारक ती भरून देणार नाही. आणि ‘नायट्रस निरुपद्रवी’ ही समजूत सोडा. तेल, ग्रीस किंवा धूळ लागलेल्या नळीत ते स्वतःच विघटित होऊन फुटू शकतं. २००७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे नायट्रसच्या, ज्योत न पेटवता केलेल्या प्रवाह चाचणीत तीन तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. ते व्यावसायिक होते.

प्रश्न : कारखान्यात बनलेली मोटर कायदेशीर मार्गाने मिळाली असं धरा. गोव्यात उडवायला जागा कुठली? आमच्या गावचा सडा (डोंगरावरचं पठार) मोकळाच असतो. (म्हापसा)

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या करा: वरचं आकाश आणि खालची जमीन.

आकाश गोव्यात फार अरुंद आहे. दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ एकमेकांपासून सुमारे ४० किलोमीटरवर, आणि सगळ्या राज्याची उत्तर-दक्षिण लांबीच शंभराच्या आसपास. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ. तिथलं हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाकडे आहे आणि तिथून लढाऊ विमानं उडतात. म्हापसा तर या दोहोंच्या मधोमध पडतं. रॉकेट हे हवेच्या आधाराने तरंगणारं विमान नसल्यामुळे ड्रोन नियम, २०२१ त्याला सरळ लागू होत नाहीत. पण म्हणून ते मोकळं सुटत नाही. नागरी विमानांना धोका होऊ शकेल अशा कोणत्याही कृतीसाठी हवाई वाहतूक नियंत्रणाशी आधी समन्वय करावा लागतो आणि ठरलेली वेळ व उंची वैमानिकांना ‘नोटॅम’ने कळवली जाते. नोटॅम कोणाही व्यक्तीच्या नावाने निघत नाही. अर्ज संस्थेचा लागतो, आणि त्यात अक्षांश-रेखांश, कमाल उंची, पडण्याचं क्षेत्र, वेळेची खिडकी आणि जबाबदार माणसाचा फोन द्यावा लागतो. ड्रोनसाठीचा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा उघडून आपलं गाव लाल, पिवळ्या की हिरव्या पट्ट्यात आहे हे पाहिलं तरी अंदाज येतो. हिरव्या पट्ट्याचीही कमाल उंची ४०० फूट, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांत २०० फूट. तुमच्या यंत्राला पंख असतील आणि ते दुरून चालवलं जात असेल तर मात्र ते ड्रोन नियमांत येतं. तिथे मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी, आपल्या आवारात आणि हिरव्या पट्ट्यात, प्रकार-प्रमाणपत्र आणि वैमानिक परवान्यातून सूट आहे. ती सूट वापरा.

जमिनीचं आणखी अवघड आहे. सडा मोकळा दिसतो, पण तो कोणाचा तरी असतो: बहुधा कोमुनिदादीचा (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा), नाहीतर खासगी. कोमुनिदादीच्या समितीची लेखी परवानगी, पंचायतीला पत्र, पोलीस ठाण्याला पत्र, आणि जिल्हाधिकाऱ्यांचा त्या काळात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेश नाही ना याची खात्री, हे सगळं लागतं. बंद पडलेल्या खाणींच्या जागा रिकाम्या असल्या तरी त्या सार्वजनिक नव्हेत. पूर्वेकडे म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० ने तिथे आग लावणं आणि कलम ३२ ने स्फोटकं वापरणं बंद आहे. किनाऱ्यावर मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत कासवं अंडी घालायला येतात.

आणि ऋतू. जूनपासून पाऊस, तो सरला की गवत उभं, आणि फेब्रुवारी ते मे सगळा डोंगर वाळलेला. त्याच महिन्यांत उतारावर काजूचं पीक असतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात लागलेल्या आगी सर्वांना आठवत असतील. सड्यावर जळकी मोटर गवतात पडली तर वाऱ्याने ती आग शेजारच्या बागायतीत जायला अर्धा तास लागत नाही, आणि एखाद्या घराचं वर्षाचं उत्पन्न त्यात जातं. आमचं स्पष्ट मत: गोव्यात बारुदीची मोटर लावून उड्डाण करू नका. बाकावरच्या चाचण्या इथे करा आणि उड्डाणाला स्पर्धेच्या मैदानावर जा.

प्रश्न : मग ट्रॉलरवरून, किनाऱ्यापासून वीस सागरी मैलांवर जाऊन? (वास्को)

उत्तर : प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांवर संपतो म्हणून हा विचार सुचत असावा. पण मोटर बनवली, ठेवली आणि जेटीवर आणली ती गोव्याच्या जमिनीवर, तिथे स्फोटक कायदा पूर्ण लागू आहे. वीस मैलांवरचं आकाशही मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात येतं. जहाजांना इशारा द्यायचा तर तो डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयामार्फत निघतो, तोही सरकारी यंत्रणा किंवा अधिकृत संस्था मागते तेव्हा. न सांगता नौदलाच्या तळासमोर समुद्रातून धूर सोडत काही वर गेलं तर तटरक्षक दल त्याला प्रयोग समजणार नाही. ट्रॉलरमालकाचा परवाना जाईल तो वेगळा.

प्रश्न : भाऊ लिस्बनला असतो. तो येताना दोन छोट्या मोटर आणू शकेल का? आणि माझी रॅमजेटची ड्रॉइंग त्याच्या मित्राला तपासायला पाठवू का? (मडगाव)

उत्तर : मोटर नाही. मॉडेल रॉकेटच्या सर्वांत छोट्या मोटर आणि त्यांचे इग्नायटरसुद्धा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पहिल्या वर्गात, म्हणजे स्फोटकांत येतात. प्रवाशाच्या सामानात ते चालत नाहीत, पोस्टाने चालत नाहीत, आणि आयातीला पेसोचा परवाना लागतो. पॅराशूट, पुठ्ठ्याच्या नळ्या, नाकाडा, उंचीमापक हे त्याने खुशाल आणावं.

ड्रॉइंगचा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, कारण हा भाग कोणी लक्षातच घेत नाही. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा आणि २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेचा (शस्त्रं आणि दुहेरी वापराचं तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा देशांचा गट) सदस्य झाला. त्यांच्याशी जुळणारी आपली निर्यात यादी म्हणजे ‘स्कोमेट’. तिच्या पाचव्या विभागात रॉकेट, त्यांची इंजिनं, रॅमजेट आणि त्यांचं तंत्रज्ञान येतं. तंत्रज्ञान ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यातच असते. पाठ्यपुस्तकात छापलेलं ज्ञान यात येत नाही. तुम्ही स्वतः विकसित केलेल्या इंजिनाची मापं, इंधननियंत्रणाची प्रणाली, चाचणीचे आकडे येऊ शकतात. पाठवण्याआधी विदेश व्यापार महासंचालनालयाकडे विचारणा करा. सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीचा २००५ चा कायदाही याच कक्षेत आहे, आणि त्याच्या तरतुदी सौम्य नाहीत.

प्रश्न : रॉकेट शोधण्यासाठी परदेशी संकेतस्थळावर ९१५ मेगाहर्ट्झचा ट्रॅकर स्वस्तात मिळतोय. घेऊ का? (पणजी)

उत्तर : घेऊ नका. तो पट्टा अमेरिकेत मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ मोबाइल सेवेचा पट्टा आहे. इथे विनापरवाना चालतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ किंवा २.४ गिगाहर्ट्झ. युरोपसाठीचं ८६८ चं लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओचं) मॉड्यूल घेतलंत तर सॉफ्टवेअरमधून वारंवारता ८६६ ला आणा. उपग्रहामार्फत संदेश देणारे परदेशी ट्रॅकर तर अजिबात नकोत. परवान्याशिवाय असं उपकरण बाळगल्याबद्दल २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली आहे.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांसाठी यातलं काहीतरी करता येईल का, परवान्याच्या भानगडीशिवाय? (वाळपई)

उत्तर : पाण्याचं रॉकेट करा, बाई. त्यात ज्वलन नाही, म्हणून स्फोटकांचा कायदा नाही. वाळपई दोन्ही विमानतळांपासून पस्तीस किलोमीटरांहून दूर आहे आणि हे रॉकेट पन्नासेक मीटरच्या वर क्वचितच जातं. मुख्याध्यापकांची लेखी संमती आणि मैदान एवढं पुरतं.

सोड्याची दोन लिटरची बाटली घ्या. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती नको. पाणी सहाशे ते साडेसहाशे मिलिलिटर. दाब चार बार, म्हणजे सायकलच्या पंपावर साठ पीएसआय. पंपाला काटा हवाच. पंप आणि रॉकेट यांत निदान पाच मीटर नळी, आणि सोडायचं ते दोरी ओढून. हात बाटलीजवळ नको. प्रत्येक नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून सहा बारपर्यंत तपासा. पाणी दबत नाही, त्यामुळे ती फुटली तरी नुसती गळते. हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात. पंख जोडताना गरम गोंदाची बंदूक बाटलीला टेकवू नका, तिथे प्लास्टिक मऊ पडून पुढच्या वेळी तिथेच फाटतं. रुंद चिकटपट्टी पुरते. बाटलीवर पांढरी घडी दिसली किंवा दहाबारा उड्डाणं झाली की ती टाकून द्या. एप्रिलच्या उन्हात बाटल्या सावलीत ठेवा. नाकाड्याला धातू लावू नका, अर्धा कापलेला टेनिस बॉल चांगला.

मुलांना मोजायला द्या: पाणी दोनशे, चारशे, सहाशे आणि आठशे मिलिलिटर घेऊन, दाब तोच ठेवून, पन्नास मीटरवरून कोनमापकाने कोन पाहायचा आणि उंची काढायची. पाणी कमी असलं तर रेटा लवकर संपतो, जास्त असलं तर हवेला जागा उरत नाही. मधे कुठेतरी सर्वांत चांगलं मिळतं, ते मुलांनी आलेखावर स्वतः शोधू द्या.